देवळातून देवळात

मेणवलीच्या घाटावर मी घंटा वाजवली नाही, एवढीच खरं तर गोष्ट. फेब्रुवारीतली दुपार होती. महाबळेश्वरहून पुण्याला परतताना वाईत जेवलो आणि "आलोच आहोत तर नाना फडणविसांचा वाडा बघून घेऊ" म्हणत मैत्रिणीने गाडी आत वळवली. वाडा बघून मागच्या बाजूने कृष्णेवर उतरलो. नदीला पाणी बेताचंच होतं, पायऱ्यांवर कुणीतरी धुतलेल्या गोधड्या पसरून ठेवल्या होत्या, त्यांचा ओलसर साबणाचा वास येत होता. मेणेश्वराच्या देवळाजवळ ती मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यासमोर पांढरी टोपी घातलेले एक आजोबा तीन-चार वर्षांच्या नातवाला कडेवर घेऊन उभे होते. लोलक त्या पोराच्या मुठीत मावत नव्हता. दोन्ही हातांनी तो ढकलायचा, एक टोला पडायचा, मग त्या झटक्याने आजोबांचाच तोल जायचा. ते पोराला सावरून पुन्हा वर उचलायचे, तोवर आवाज पाण्यावरून पलीकडच्या काठाला जाऊन विरलेला असायचा. मग पुढचा टोला. मी मोबाइलवर ते चित्रित करत होते. मध्येच पोराने घंटेच्या अंगावरच्या उठावाच्या आकृतीवर बोट ठेवलं. "आजोबा, ही कोन?" आजोबांनी डोळे बारीक करून बघितलं. "आई हाय ती. लेकराला घेऊन बसलीय." "कुनाची आई?" "तुला काय करायचंय? वाजव."

ते गेल्यावर मैत्रीण म्हणाली, "तू वाजव की." मी घंटेच्या कडेला तळहात लावला. उन्हाकडची बाजू तापलेली होती, सावलीकडची गार. शेवटच्या टोल्याची थरथर अजून धातूत होती. कानाला काही ऐकू येत नव्हतं, पण हाताला कळत होतं. येशूच्या आईच्या, मारियेच्या अंगावर कुणीतरी हळदकुंकू लावलं होतं. तिच्या खाली १७०७ हा आकडा. मी हात काढून घेतला. "राहू दे," म्हटलं. गाडीत बसल्यावर बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "वाईट वाटलं का गं तुला? म्हणजे, तुमची घंटा ना ती." मी "छे" म्हटलं आणि बाहेर बघत बसले. वाईट वाटलं नव्हतं. पण मग हात का काढून घेतला, हे मलाच सांगता येईना. आणि तो "तुमची" शब्द खंबाटकीचा घाट उतरेपर्यंत दाताच्या फटीत अडकल्यासारखा राहिला.

मी वसईची. ती घंटाही तिथल्याच एका चर्चची. १७३९ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली तेव्हा नेलेली. वसई म्हणजे स्टेशनाच्या बाजूची नव्हे, तिकडची. केळीच्या वाड्या, बावखलं म्हणजे गोड्या पाण्याची तळी, आणि दर दीड-दोन मैलांवर एक चर्च असलेली. माझी आजी चर्चला शेवटपर्यंत देऊळच म्हणायची. "देवळात चाललेय," म्हणून ती पहाटे मिस्साला, चर्चमधल्या उपासनेला निघायची. लाल लुगडं, डोक्यावर पदर, हातात जपमाळ. शाळेत जायला लागल्यावर मला त्या शब्दाची लाज वाटायची. मी तिला दुरुस्त करायचे, "आजी, चर्च म्हण." ती म्हणायची, "तू म्हण." तिचा देव लॅटिन बोलायचा. फादर लोकांकडे पाठ करून मिस्सा करायचे, मध्येच वळून "दोमिनुस वोबिस्कुम" म्हणायचे आणि ही अक्षर न कळता "एत कुम स्पिरितु तुओ" असं खणखणीत उत्तर द्यायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे साठीच्या दशकाच्या शेवटाकडे, मिस्सा मराठीत आला, फादरांनी तोंड लोकांकडे वळवलं आणि देवाशी काय बोलतोय ते पहिल्यांदा सगळ्यांना समजलं. आजीला ते आवडलं की नाही, मी कधी नीट विचारलं नाही. एकदा ती एवढंच म्हणाली होती, "आता सगळं कळतं. तेव्हा नुसतं ऐकू यायचं." तिच्या लेखी यातलं मोठं कुठलं, ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

घंटा मात्र तिला लॅटिनच्या काळातही कळायची आणि मराठीच्या काळातही. पहाटे, दुपारी बाराला आणि दिवेलागणीला ती वाजायची. दुपारची वाजली की वाडीत पाणी लावणारे लोक हातातली पाटी खाली ठेवून उभे राहायचे, दूताने मारियेला निरोप दिला ती प्रार्थना पुटपुटायचे आणि पुन्हा वाकायचे. सणाची घंटा वेगळी, धावत सुटलेल्या पोरांसारखी. आणि मयताची वेगळी. आमच्या गावची घंटा माझे थोरले काका वाजवायचे. मनोऱ्यातून खाली सोडलेला काथ्याचा जाड दोर त्यांच्याच हाताने काळा-गुळगुळीत झाला होता. मयताची कशी वाजवायची ते त्यांनी मला एकदा सांगितलं होतं: एक टोला द्यायचा आणि थांबायचं. आवाज पुरता मरू द्यायचा. तो मेल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. त्या थांबण्यात गाव हातातलं काम सोडून मोजत असायचं आणि बाया कुंपणाशी येऊन एकमेकींना विचारायच्या, "कोण गेलं?" पुढे घंटेला बटण आलं, मोटर आली, काकांचं काम गेलं. तोवर त्यांचा उजवा कान गेलेला होताच.

मला वाटतं, हात मागे येण्याचं एक कारण याच दोरात आहे. आमच्याकडे घंटेला कुणी हात लावत नाही. ती वर असते. तिचा नि आपला संबंध दोराच्या टोकाइतकाच, आणि तो दोरही एकाच माणसाच्या हातात. जुन्या लॅटिन विधीत तर नव्या घंटेचं रीतसर बारसंच व्हायचं: बिशप तिला आतून-बाहेरून आशीर्वादित पाण्याने धुवायचे, तेलाने बाहेर सात क्रूस काढायचे आणि आत चार, खाली धूप ठेवून तिचं पोट धुराने भरायचे आणि एखाद्या संताचं नाव द्यायचे. पोरासारखं तिला नाव असतं म्हणूनच बहुधा मोठ्या घंटांबद्दल लोक "ती बोलते" असं म्हणतात. मेणवलीच्या घंटेलाही १७०७ नंतर कधीतरी कुणीतरी असं न्हाऊमाखू घातलं असणार. तेलाचे ते अकरा क्रूस दिसत नाहीत. त्यावर कुंकवाची बोटं उमटलेली दिसतात.

आणि दोन्ही घंटांचं काम किती वेगळं. चर्चची घंटा माणसांना बोलावते: उठा, या, थांबा, कुणीतरी गेलंय. देवळातली घंटा माणूस स्वतः वाजवतो, आपण आल्याचं देवाला सांगायला. पूजेतला घंटेचा श्लोक म्हणतो की देवांनी यावं आणि राक्षसांनी जावं म्हणून मी हा नाद करतो. म्हणजे जी घंटा इतकी वर्षं वरून खाली बोलत होती, ती वसईहून निघून घाटावर आली आणि खालून वर बोलायला लागली. पिढ्यान्पिढ्या ती हेच करत आहे. गावाला हाक मारण्याच्या कामातून सुटली आणि प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याची वर्दी देण्याच्या कामाला लागली, तीही तीन वर्षांच्या पोराच्या हाताने. बढती म्हणायची की काय म्हणायचं, ठरवता येत नाही.

शाळेतला एक तास आठवतो. चर्चच्या आवारातली मराठी शाळा, वर्गात निम्मे डिसोजा-डाबरे-लोपीस, निम्मे पाटील-म्हात्रे-राऊत. इतिहासाच्या बाई वसईची मोहीम शिकवत होत्या आणि फार रंगून शिकवत होत्या. किल्ला हाती येत नाही तर माझं डोकं तरी तोफेच्या तोंडी देऊन आत टाका, असं चिमाजी अप्पा म्हणतात, तिथे आमच्या अंगावर काटा आला. "आणि मे १७३९ मध्ये आपण वसई जिंकली!" आम्ही टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावरून एकाने, बहुतेक निव्वळ वेळ काढायला, विचारलं, "बाई, आपण म्हणजे कोण?" बाई क्षणभर खडू हातात धरून उभ्या राहिल्या. "आपण म्हणजे आपण," त्या म्हणाल्या. "पुढे लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. अजूनही ती वही मनात उघडीच आहे. पोर्तुगीज तर गेले. तहाप्रमाणे मानाने, सरंजामासकट, गलबतात बसून गोव्याकडे गेले. मागे राहिले ते ज्यांच्या विहिरी आणि वाड्या इथे होत्या ते. म्हणजे आम्ही. आमची आडनावं त्यांनी दिलेली, भाषा आमची. मांडव, हळद, लग्नातली उंबराच्या पाण्याची मिरवणूक, जात, भावकीची भांडणं, सगळं इथलंच. १७३९ मध्ये माझा कुणी खापरपणजोबा किल्ल्याच्या आत होता की बाहेर, सुरुंगाच्या आवाजाला घाबरून केळीत लपला होता की कुणाला गुपचूप वाट दाखवत होता, मला माहीत नाही. आणि त्याच्याही आधी, १५३४ नंतर कधीतरी, आमच्यातल्या कुणीतरी डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी घेतलं, ते श्रद्धेने, जमिनीसाठी की धाकाने, तेही कागदावर नाही. पोर्तुगीजांनी इथली देवळं पाडली ही गोष्ट खरी आहे. वसईजवळच्या निर्मळचं विमलेश्वराचं देऊळ त्यांनी पाडलं आणि मराठ्यांनी ते पुन्हा उभं केलं. हे नाकारून घंटेबद्दल हळहळण्यात काही अर्थ नाही. घंटा गेली त्याआधी घंटा फुटल्याही होत्या, दुसऱ्यांच्या. आज त्याच निर्मळला कार्तिकातली यात्रा भरते, पलीकडे होली क्रॉसचं चर्च आहे, आणि आमच्या घरची माणसं दरवर्षी यात्रेला जाऊन सुकेळी आणतात. केळीच्या पानात बांधलेली, मधासारख्या चिकट वासाची. कुणाच्या यात्रेतून आणली, हे खाताना कुणी विचारत नाही.

वसईच्या किल्ल्यात गेलात तर मनोरे उभे आहेत, घंटांच्या कमानी रिकाम्या आहेत. आत पारवे राहतात. डॉमिनिकन, फ्रान्सिस्कन, जेज्वीट, धर्मगुरूंच्या प्रत्येक संघाचं वेगळं चर्च, आणि बहुतेकांना आता छत नाही. नक्षीच्या दगडाला टेकून जोडपी लग्नाआधीचे फोटो काढतात. चिमाजी अप्पांचा पुतळाही तिथेच आहे. फेब्रुवारीत गोन्सालो गार्सियाचा सण असतो तेव्हा जेज्वीटांच्या चर्चमध्ये मिस्सा होतो. हा आमचा वसईत जन्मलेला पोरगा, आई इथली, बाप पोर्तुगीज. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानात नागासाकीला क्रूसावर मारला गेला आणि १८६२ मध्ये संत झाला. आजी त्याला "आपला गोन्सालो" म्हणायची, शेजारच्या आळीतल्या मुलाबद्दल बोलावं तसं. आणि पुतळ्यावरून जाताना, मला चांगलं आठवतं, ती चिमाजी अप्पांनाही "आपले" म्हणायची. "आपल्या अप्पांनी बायाबापड्यांना त्रास नाही दिला." तिला त्यात अडचण वाटत नव्हती. अडचण वही लिहिणाऱ्यांना येते.

मेणवलीहून आल्यावर काही रात्री मी हेच वाचत बसले, घंटा कुठे कुठे जातात ते. घंटा हे लुटीतलं आवडतं सामान आहे. वजनदार, किमती, आणि चार भाग तांबं एक भाग कथील म्हणजे तोफ ओतायला हाताशी आलेला माल. युरोपात ख्रिस्ती राजांनीच ख्रिस्ती गावांच्या घंटा वितळवून तोफा केल्या. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी लाखाच्या वर घंटा मनोऱ्यांवरून उतरवल्या. सगळ्यात चटका लावणारी गोष्ट स्पेनमधली. ९९७ मध्ये कोर्दोबाच्या मुस्लिम सेनापती अल-मन्सूरने सांतियागोचं तीर्थक्षेत्र लुटलं आणि तिथल्या घंटा कैद्यांच्या खांद्यावर देऊन कोर्दोबाला नेल्या. तिथल्या मोठ्या मशिदीत त्या उलट्या टांगून त्यांचे दिवे केले. १२३६ मध्ये राजा फर्नांदोने कोर्दोबा घेतलं, तेव्हा त्याच घंटा मुसलमान कैद्यांच्या खांद्यावर देऊन परत सांतियागोला पाठवल्या. जवळपास दोनशे चाळीस वर्षं राग तसाच जपून ठेवलेला, व्याजासकट.

आमच्या घंटा कुणी परत मागितल्या नाहीत. आणि कुणी त्यांचे दिवेही केले नाहीत. पालीच्या बल्लाळेश्वरापुढे एक आहे, भीमाशंकरला शनीच्या देवळापुढे एक, आणि नाशकात गोदेच्या काठी नारोशंकराच्या देवळातली तर म्हणीत जाऊन बसली: घसा फोडून बोलणाऱ्या बाईला अख्खं नाशिक "नारोशंकराची घंटा" म्हणतं. (मलाही एका नाशिककर सहकाऱ्याने म्हटलं होतं. मी त्याला घंटेचा पत्ता सांगितल्यावर तो जरा वरमला, आणि मला उगाच जिंकल्यासारखं वाटलं.) जिंकणाऱ्याने मारियेचं चित्र घासून काढलं नाही, आकडा पुसला नाही. घंटेला घंटाच राहू दिलं. यात औदार्य किती, घाई किती आणि निव्वळ "चांगली वाजतेय, असू दे" हा आपला व्यवहार किती, कोण सांगणार? मला तिसऱ्याचं प्रमाण जास्त वाटतं. आणि खरं सांगायचं तर तेच मला बरं वाटतं. औदार्याचं ओझं होतं. व्यवहाराचं होत नाही.

पुण्यात मी ज्या चर्चमध्ये जाते ते क्वार्टर गेटचं, नाना पेठेतलं. १७९२ मध्ये सवाई माधवरावांनी पेशव्यांच्या फौजेतल्या ख्रिस्ती शिपायांसाठी त्याची जागा दिली. वसई पडून तेव्हा त्रेपन्न वर्षं झाली होती. त्याच चिमाजी अप्पांच्या भावाच्या पणतवाने दिलेली जागा. तेव्हा कारभार कुणाच्या हातात होता? नाना फडणविसांच्या. म्हणजे ज्यांच्या घाटावर वसईची घंटा वाजत होती, त्यांच्याच कारभारात पुण्यात चर्चला जमीन मिळाली, आणि त्या पेठेला आज त्यांचंच नाव आहे. मी दर रविवारी नानांच्या नावाच्या पेठेत मिस्साला जाते, हे इतकी वर्षं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मेणवलीहून परत आल्यावरच्या रविवारी आलं, प्रवचन चालू असताना. फादर काय बोलले ते विचारू नका.

यंदा गुड फ्रायडेला वसईला गेले. पवित्र गुरुवारी संध्याकाळी गौरवगीताला घंटा वाजतात आणि मग गप्प होतात, त्या थेट पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्री पुन्हा बोलतात. मधले दोन दिवस गावावर एक विचित्र शांतता असते. घंटेऐवजी लाकडी फळी खटखटवतात, तिचा आवाज हाडांवर हाड आपटल्यासारखा येतो. फ्रान्समध्ये पोरांना सांगतात की या दिवसांत घंटा उडून रोमला जातात आणि ईस्टरला परत येतात. लहानपणी हे कुणी सांगितलं असतं तर मी विचारलं असतं, आपल्या मग कुठे राहिल्या?

तीनची उपासना आटोपून सगळे घरी आले होते. पेज आणि लोणचं झालं होतं, काकी भांडी घासायचीही घाई करत नव्हत्या, आवाज नको म्हणून. थोरले काका पडवीत आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. चुलतभावाच्या मुलीने विचारलं, "आत्या, ती मारियामाऊलीवाली घंटा दाखव ना," आणि मी विचार न करता फोन काढून चित्रफीत लावली. पोराचा पहिला टोला पडला. आजोबांनी सावरून त्याला पुन्हा उचललं. आवाज नदीवरून विरत गेला. दुसरा टोला.

काका ताडकन उठून बसले. कपाळावर, छातीवर क्रूसाची खूण केली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "कोण गेलं, बाय?"

काकी आतून आल्या. "आज घंटा? कुणी वाजवली?"

"कुणी गेलं नाही," मी फोन बंद करत म्हटलं. "मेणवलीला एक पोरगं वाजवत होतं. फेब्रुवारीत." काकांना नीट ऐकू गेलं नाही, म्हणून त्यांच्या डाव्या कानाशी वाकून पुन्हा सांगितलं: घाटावरची, वसईतून नेलेली, तिच्यावर माऊली आहे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. हाताची बोटं खुर्चीच्या दांड्यावर वळली, दोर धरावा तशी.

"जड आहे," ते म्हणाले. मग काकींकडे एकदा बघून, हळूच, "पुन्हा लाव."

मी आवाज अगदी कमी केला आणि फोन त्यांच्या डाव्या कानाशी धरला.